कंबरदुखीच्या आजींना अ‍ॅम्ब्युलन्स हवी की नको?

"डॉक्टर, आईला उद्या अ‍ॅम्ब्युलन्सनं घेऊन येतो, चालेल ना?" असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. आई ऐंशीच्या आसपासच्या असतात. कंबरदुखी दहा-बारा वर्षांची. हल्ली उठायला दोघांचा आधार लागतो, महिनाभरात घराबाहेर पडलेल्या नाहीत. मुलगा काळजीत असतो आणि बोलण्यात थोडी अपराधी भावनाही असते. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली म्हणजे आपण काहीतरी ठोस केलं, असं त्याला वाटत असतं.

मी उलट विचारतो, "आणायचं कशासाठी?" हा प्रश्न कित्येकांना उद्धट वाटतो. पण या लेखात मला नेमकं तेच सांगायचं आहे. तब्येत स्थिर असलेल्या वयस्कर माणसाला आडवं झोपवून गाडीतून नेणं ही साधी गोष्ट नाही. गोळी लिहिताना आम्ही तिचा फायदा आणि तोटा बघतो. प्रवासाचाही तसाच बघायला हवा, आणि माझ्या मते तो फार कमी वेळा बघितला जातो. घरचे बघत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही बघत नाही.

मात्र त्याआधी दुसरी बाजू सांगतो, कारण तिथे उशीर परवडत नाही. "जुनंच दुखणं आहे" या तीन शब्दांखाली कधीकधी नवं, गंभीर दुखणं लपतं. जुनी कंबरदुखी असलेल्या माणसाची लघवी अडली, किंवा कळेनाशी होऊन कपड्यातच होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, एका किंवा दोन्ही पायांतली ताकद एक-दोन दिवसांत कमी झाली, तर तो नियोजित प्रवास नव्हेच. मणक्याच्या खालच्या भागातल्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात. त्यात तास मोजायचे असतात. अशा वेळी सोमवारची अपॉइंटमेंट, भाचा सुट्टी काढून येणं, स्वस्तातली गाडी शोधणं, यातल्या कशाचीही वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

माझ्याकडे एक आजोबा आले होते. त्यांना दोन दिवस लघवी नीट होत नव्हती. घरच्यांना वाटलं, प्रोस्टेटचं असेल, वय झालं की होतंच. पाय लटपटत होते ते अशक्तपणावर गेलं. शुक्रवारी दुपारी सुरू झालेला त्रास माझ्यापर्यंत रविवारी रात्री पोहोचला, कारण ओळखीच्या माणसाची अ‍ॅम्ब्युलन्स रविवारी रिकामी होणार होती. शस्त्रक्रिया झाली, पाय बऱ्यापैकी सुधारले. लघवीची नळी मात्र कायमची राहिली.

लघवी आणि पायांखेरीज आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. पडल्यानंतर, किंवा नुसती बादली उचलताना, जोरात शिंकताना कंबरेत एकदम कळ आली आणि दुखणं अचानक वाढलं, तर ठिसूळ झालेला मणका दबून मोडलेला असू शकतो. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आठवलाच पाहिजे. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, स्टिरॉइड बराच काळ चालू असेल, तर नव्या दुखण्याला जुनं नाव देऊ नका. पोटात आणि कंबरेत एकाच वेळी जोराची वेदना होऊन घाम फुटला, चक्कर आली, तर तो रक्तवाहिनीचा किंवा पोटातला प्रश्न असू शकतो. तिथे कंबरेच्या डॉक्टरची वाट बघत बसायचं नसतं. यातलं काहीही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि डॉक्टरांना फोन करा.

यातलं काही नाही, दुखणं खरोखर जुनंच आहे, फक्त माणूस थकला आहे, अशा घरांसाठी पुढचं लिहितो.

भोरच्या पुढच्या एका गावातल्या आजींची गोष्ट सांगतो. वय ब्याऐंशी. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांची कंबरदुखीची फाइल होती. "एमआरआयचा रिपोर्ट घेऊन पेशंटला दाखवायला आणा" असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, म्हणून घरच्यांनी खासगी अ‍ॅम्ब्युलन्स केली. पहाटे निघाले. जाताना अडीच तास, ओपीडीच्या बाहेर स्ट्रेचरवर तीन तास, येताना पुन्हा अडीच तास. आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गोळ्या त्याच ठेवल्या आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. तपासणीला दहा मिनिटंही लागली नसतील. तिसऱ्या दिवशी सुनेच्या लक्षात आलं, माकडहाडाच्या जागी कातडी लाल-जांभळी झाली आहे. ती जखम भरायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात आजींचं जे थोडंफार चालणं होतं, तेही गेलं.

यात कुणी मुद्दाम काही वाईट केलं नाही. ड्रायव्हर चांगला होता, मुलगा दिवसभर उपाशी उभा होता, डॉक्टरांपुढे रांग होती. पण अरुंद, पातळ गादीच्या स्ट्रेचरवर आठ तास उताणं पडून राहणं ऐंशीच्या पुढच्या कातडीला झेपत नाही, हा विचार त्या दिवशी कुणाच्याच कामात मोडत नव्हता.

म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: "तिथे येऊन जे होणार आहे, त्यानं आईच्या उपचारात काय बदलेल?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर "नसांची ताकद हातानं तपासायची आहे", "मणक्यात इंजेक्शन द्यायचं आहे", "ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा आहे" असं असेल तर प्रवास सार्थकी लागेल. उत्तर "रिपोर्ट बघू" असं असेल तर रिपोर्ट घेऊन मुलानं एकट्यानं जावं, आणि गरज वाटली तर तिथूनच आईशी व्हिडिओवर बोलणं करून द्यावं. मार्च २०२० पासून आपल्या देशात डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देण्याचे अधिकृत नियम आहेत. सरकारची ई-संजीवनी सेवा तर मोफत आहे. रक्त तपासायला माणूस घरी येतो. बऱ्याच शहरांत एक्स-रेचं छोटं मशीनही घरी आणतात. आणि जवळचा फॅमिली डॉक्टर एकदा घरी येऊन पाय उचलायला लावतो, पोट दाबून बघतो, कंबरेवर हात ठेवून बघतो, त्यातून जे कळतं ते पुष्कळदा पुरेसं असतं.

एमआरआयबद्दल थोडं बोलतो, कारण निम्मे प्रवास त्याच्यासाठी होतात. ऐंशीच्या घरातल्या बहुतेक माणसांच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली, झिजलेली, मणक्यांना टोकं आलेली दिसतात. ज्यांची कंबर आयुष्यात कधी दुखली नाही त्यांच्याही. त्यामुळे रिपोर्टमधले भारदस्त शब्द वाचून घाबरू नका आणि "नवा एमआरआय काढून बघू" याला लगेच होही म्हणू नका. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील, किंवा ऑपरेशन वा इंजेक्शनचा विचार असेल, तर एमआरआय उपयोगाचा. शिवाय त्यासाठी कडक टेबलावर अर्धा तास न हलता उताणं झोपावं लागतं. ज्या आजींना दोन मिनिटं सरळ झोपवत नाही, त्यांना तिथे नेऊन अर्ध्यातून परत आणल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. सेंटरला आधी फोन करून हे सांगा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर तेही सांगा.

आता समजा, जायचं नक्की झालं. तरी अ‍ॅम्ब्युलन्सच हवी का?

मला वाटतं, निम्म्या वेळा नको. जो माणूस आधारानं का होईना, अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसू शकतो, त्याला मोटारीच्या पुढच्या सीटवर, सीट मागे रेलून, कंबरेमागे छोटी उशी देऊन बसवलं तर प्रवास जास्त सुखाचा होतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचर मागच्या बाजूला असतं. मागच्या चाकांच्या आसपास हादरे किती बसतात, हे एसटीच्या शेवटच्या बाकावरून प्रवास केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यात माणूस आडवा असतो, बाहेरचं दिसत नाही, गाडी कधी वळणार, खड्डा कधी येणार याचा अंदाज नसतो, त्यामुळे अंग सावरता येत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर उलट्या होतात त्या निराळ्याच. शिवाय मोटारीत वाटेत थांबून दोन मिनिटं उभं राहता येतं. झोपून असलेल्याला तेवढीही मोकळीक नसते.

अ‍ॅम्ब्युलन्स कुणाला लागते? जो बसूच शकत नाही, ज्याला ऑक्सिजन चालू आहे, ज्याचा मणका नुकताच मोडल्याचं निदान झालं आहे, जो पूर्ण अंथरुणाला खिळला आहे, ज्याला शुद्धीचा किंवा श्वासाचा काही प्रश्न आहे, त्याला. आणि ज्या घरात जिन्यावरून उतरवायला माणसं आणि साधन दोन्ही नाही, त्यांनाही, पण तिथे एक मेख आहे ती पुढे सांगतो.

लोकांना वाटतं, अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे एकच प्रकार. राष्ट्रीय मानकात, म्हणजे एआयएस-१२५ मध्ये, चार प्रकार आहेत: पहिल्यांदा धावून जाणारं छोटं वाहन, स्थिर रुग्णाला नुसतं ने-आण करणारं वाहन, प्राथमिक जीवरक्षक सोय असलेलं, आणि व्हेंटिलेटरपर्यंत सगळं असलेलं. कंबरदुखीच्या स्थिर पेशंटला दुसऱ्या प्रकारची गाडी पुरते. "आईच्या बाबतीत रिस्क नको" म्हणून कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे भरू नका. त्या पैशात फिजिओथेरपिस्ट कितीतरी वेळा घरी येऊन जाईल आणि त्याचा उपयोग नक्की होईल.

आणि १०८? महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या. सबंध राज्यासाठी एवढ्याच. ही सेवा अपघात, हृदयविकार, बाळंतपण, सर्पदंश यांसाठी आहे. ओपीडीच्या तारखेसाठी ती मागू नका आणि मिळावी म्हणून "छातीत दुखतंय" असं खोटं सांगू नका. असं सांगणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. तेवढ्या वेळात तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीत खरंच दुखत असतं.

पण नुसती लोकांची कानउघाडणी करून भागणार नाही. १०८ तातडीच्या रुग्णांसाठी, १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. या दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्या, महिना-दोन महिन्यांनी तपासणीला जावं लागणाऱ्या आणि स्वतःच्या पायांनी गाडीत चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी कोणता नंबर फिरवायचा? ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी सरकारी आरोग्य सेवेची वेगळी वाहतूक सेवा आहे, सायरन नसलेली, आधी नोंदवायची. आपल्याकडे ही जागा खासगी गाड्यांनी भरली आहे. त्यांतले काही जण फार मायेनं काम करतात, काही जण अडलेल्याची अडवणूक करतात. तालुक्याला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयाकडे जाणारी, रॅम्प असलेली एक साधी गाडी मिळाली तरी पुष्कळ घरांचा प्रश्न सुटेल. मंडळं, बँका आणि लोकप्रतिनिधी हौसेनं अ‍ॅम्ब्युलन्स दान करतात. माझी त्यांना विनंती आहे, पुढची गाडी अशी द्या, आणि तिच्या ड्रायव्हरच्या आणि मदतनिसाच्या पगाराचीही सोय करा.

खर्चाचं एक सांगून ठेवतो. मेडिक्लेममध्ये अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च बहुधा अ‍ॅडमिट झाल्यावरच आणि ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. नुसत्या ओपीडीच्या फेरीचा सहसा मिळत नाही. पॉलिसी आधी वाचा. गाडी ठरवताना जाण्याचा, थांबण्याचा आणि परत येण्याचा असा सगळा आकडा एकदमच बोलून घ्या, जमलं तर मेसेजवर लिहून घ्या. थांबण्याचा वेळ बोलला गेला नसेल तर परतीच्या वेळी भांडण ठरलेलं. गाडीबरोबर माणसं किती येणार हेही विचारा.

जिन्याची मेख म्हणतात ती इथेच. बऱ्याच गाड्यांबरोबर फक्त ड्रायव्हर असतो. तो खाली उभा राहतो आणि म्हणतो, "पेशंट खाली आणा." तिसरा मजला, जुनी इमारत, अरुंद वळणाचा जिना. लिफ्ट असली तरी तीत स्ट्रेचर मावत नाही. मग शेजारची चार मुलं चादरीची झोळी करतात. कंबरदुखीच्या माणसाला झोळीत घालणं म्हणजे त्याची कंबर बरोब्बर मध्ये वाकवणं. ते करू नका. बसता येत असेल तर हात असलेली मजबूत खुर्ची घ्या, माणसाला ओढणीनं किंवा पट्ट्यानं छातीशी आणि मांड्यांशी बांधा, एकानं मागून पाठ धरावी, दुसऱ्यानं पुढून पाय. उतरताना तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला. प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय दगा देतात. बसता येत नसेल तर घडी होणारं किंवा दोन भागांत सुटणारं स्ट्रेचर आणि दोन माणसं असलेली गाडीच ठरवा. जिन्याची रुंदी आणि वळण यांचा मोबाइलवर फोटो काढून आदल्या दिवशी त्यांना पाठवा.

अंथरुणावरून स्ट्रेचरवर घेताना खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटावा तसे एका कुशीवर वळवायचे. काखेत हात घालून ओढायचं नाही. उताणं झोपवल्यावर गुडघ्यांखाली जाड उशी किंवा गुंडाळलेलं ब्लँकेट ठेवा, कंबरेला लगेच आराम पडतो. कुबड आलेल्या आजींना डोक्याखाली दोन उशा लागतील. घरची मऊ गादी किंवा जाड गोधडी स्ट्रेचरवर अंथरायला सांगा, टाचा अधांतरी राहतील असं बघा आणि तासा-दीड तासानं थोडी कूस बदला. पट्टा सैल नको. ड्रायव्हरला सांगा, घाई नाही, सायरन लावू नका, गतिरोधकावर जवळजवळ थांबूनच गाडी काढा.

वेदनेची नेहमीची गोळी निघण्याआधी पाऊण ते एक तास द्यावी, म्हणजे जिना उतरताना तिचा परिणाम सुरू झालेला असतो. पण त्या दिवशी नवी गोळी पहिल्यांदाच देऊ नका. ट्रॅमाडॉलसारख्या औषधानं म्हाताऱ्या माणसांना मळमळ, चक्कर, कधी भ्रमही होतो, आणि तो गाडीत झाला तर पंचाईत. "उपाशी आणा" असं मुद्दाम सांगितलेलं नसेल तर थोडं खायला द्या. मधुमेहाची गोळी देऊन उपाशी नेणं धोक्याचं आहे. लघवीची गोळी चालू असेल तर त्या सकाळी ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. तहान लागली तरी लघवीच्या भीतीनं पाणी न पिणाऱ्या कितीतरी आजी असतात. त्यांना डायपर लावा आणि पाणी प्यायला द्या. जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं, चष्मा, कानाचं मशीन एका पिशवीत. कानाचं मशीन घरी राहिलं की डॉक्टरांचे सगळे प्रश्न मुलाला विचारले जातात.

ओपीडीलाही आदल्या दिवशी कळवा: पेशंट स्ट्रेचरवर येत आहे, थांबता येणार नाही, वेळ नेमकी द्या. रक्त, एक्स-रे आणि तपासणी एकाच फेरीत बसवा. माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो, हे आपलं काम आहे. चिठ्ठीवर "पेशंटला आणा" असे दोन शब्द लिहायला आपल्याला दोन सेकंद लागतात. त्या दोन शब्दांपायी एका घराची दिवसभराची मजुरी, चार शेजारी आणि एक गाडी लागते.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स लागली की खिडक्या उघडतात, बायका दारात येतात. आडव्या पडलेल्या आजींना त्यातून एकच अर्थ कळतो. एका आजींनी गाडीत चढवताना सुनेचा हात धरून विचारलं होतं, "परत आणणार ना गं मला?" त्या फक्त इंजेक्शनसाठी येत होत्या. आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसून सांगा, कुठे जायचं, कशासाठी, किती वेळ, संध्याकाळी परत यायचं. त्या "नको" म्हणाल्या तर का नको, तेही ऐका. कधी भीती असते, कधी खर्चाची काळजी असते, आणि कधी "आता एवढी धावपळ नको" हा पूर्ण शुद्धीत घेतलेला निर्णय असतो. तसा असेल तर घरीच वेदना कमी करण्याची नीट योजना मागा. तीही डॉक्टरकीच आहे.

परत आल्यावर त्या रात्री पाठ, माकडहाड आणि टाचा उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर फिका पडला नाही, तर त्या कुशीवर किंवा त्या जागेवर भार देऊ नका आणि सकाळी फोन करा. एका पोटरीला सूज आली, दम लागला, लघवी झाली नाही, तर रात्रीच करा. आणि सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थोडं उठवायला लागा. प्रवासानं दमल्या म्हणून आठवडाभर झोपवून ठेवलं तर पायांतली उरलीसुरली ताकद जाते, आणि पुढच्या वेळी मोटारीच्या सीटवर बसणं जमेनासं होतं.